कॅमेरा चालता ठेव

बाळा, जुन्या कॅमेऱ्यांचा नाद तुला लागलाय. मुख्य गोष्ट आधी सांगतो, बाकीचं सगळं तिच्यातूनच निघतं. फिल्मचा कॅमेरा वापरून झिजतो कमी आणि पडून बिघडतो जास्त. पडून राहिला की वंगण घट्ट होतं, शटरची पाती चिकटतात, मागच्या दाराचा फोम विरघळून काळा लगदा होतो, लेन्सला बुरशी धरते. म्हणून संग्रह किती मोठा करायचा याचं माप एकच धर. महिन्यातून एकदा ज्याचं शटर तुझ्या हातानं उघडून मिटेल, तेवढेच कॅमेरे घरात ठेव. बाकीचे कितीही स्वस्त मिळाले तरी दुसऱ्याच्या हातात जाऊ देत.

घ्यायचे कुठून आणि कसे

आपल्या भागात हे कॅमेरे अजून घराघरांत आहेत. बेळगाव, निपाणी, संकेश्वर, चिकोडी, तिकडं कागल-गडहिंग्लज, सगळीकडचे लग्नाचे फोटो काढणारे स्टुडिओ २००० नंतर एकेक करत डिजिटलवर गेले. त्यांच्या माळ्यावर याशिका मॅट, पेंटॅक्स के-१०००, निकॉनचे एफएम, रशियन झेनिट निघतात. बेळगावच्या कॅम्पातल्या जुन्या लष्करी घरांत आणि गोव्याशी किंवा आखाताशी सोयरीक असलेल्या घरांत जपानी-जर्मन माल असतो. आणि आग्फा क्लिक-थ्री तर कुठल्याही जुन्या ट्रंकेत सापडेल. बडोद्याला बनायचा तो. कितीतरी घरांतला पहिला कॅमेरा तोच.

विकणाऱ्याच्या समोर त्याच्या वस्तूला नावं ठेवून भाव पाडू नकोस. त्या कॅमेऱ्यावर एका घराची चूल चालली आहे. शांतपणे विचार की शेवटचा रोल कधी घातला होता, दुरुस्ती कुणी केली होती, कुठला वेग अडकायचा. या तीन प्रश्नांतून जे कळतं ते बाहेरून बघून कळत नाही. झाकण, हूड, पट्टा, माहितीपुस्तिका जे असेल ते सोबत माग. सुटं मिळवायला पुढं फार वणवण होते.

पहिला कॅमेरा म्हणून पेंटॅक्स के-१००० घे. १९७६ पासून १९९७ पर्यंत तो बनत होता, त्यामुळं सुटे भाग मिळतात. सगळं शटर यांत्रिक आहे. सेल फक्त उजेड मोजायला लागतो, सेल संपला तरी सगळे वेग चालतात. मात्र मीटरला वेगळं बटण नाही. लेन्समधून उजेड आत येत राहिला की सेल खर्च होत राहतो, म्हणून ठेवताना लेन्सला झाकण हवंच.

लेन्स जमवताना एकच माउंट धर. झेनिट, प्राक्टिका आणि जुन्या पेंटॅक्सचा एम-४२ स्क्रू माउंट धरलास तर तिन्हींच्या लेन्स एकमेकांवर बसतात. निकॉन धरलंस तर १९७७ साल ध्यानात ठेव. त्या वर्षापासून निकॉननं लेन्सच्या कड्याची रचना बदलली. एफएमवर आधीच्या लेन्स बसतात, कारण त्याच्या माउंटजवळचं छोटं बोट उचलून बाजूला करता येतं. एफएम-२ वर ते बोट उचलता येत नाही. जुनी लेन्स जोरानं फिरवलीस तर कॅमेराच मोडेल.

हातात घेतल्यावर

आधी लेन्स. छिद्र पूर्ण उघड, मोबाइलचा टॉर्च मागून थोडा तिरका धर आणि पुढून काळोख्या कोपऱ्याकडं तोंड करून बघ. धुळीचे दोन-चार कण दिसतील, त्यांनी फोटोत काही फरक पडत नाही. बुरशी कडेकडून आत सरकते. केसापेक्षा बारीक धागे, त्यांना फांद्या फुटलेल्या, आणि टॉर्च हलवला की ते चमकतात. सगळ्या काचेवर दुधाळ पडदा असेल तर ते आतल्या वंगणाची वाफ बसल्यामुळं, ते साफ होतं. कडेला इंद्रधनुषी डाग दिसला तर दोन काचा जोडणारा बाल्सम सुटलाय. ती लेन्स घेऊ नकोस, ती घरी जुळत नाही. पुढच्या काचेवरचा ओरखडा चालतो, मागच्या काचेवरचा चालत नाही.

मग शटर. मागचं दार उघड आणि कॅमेरा कानाजवळ ने. एक सेकंदावर लावून दाब. आतली चाकं एकसारख्या सुरात घर्रर्र करत जातात आणि शेवटी टक्क होतं. सूर मध्येच ओढला गेला किंवा थांबून पुढं गेला तर संथ वेगाच्या चाकांत जुनं तेल घट्ट झालंय. हे दुरुस्त होतं, पण तेवढे पैसे किमतीतून कमी धर. पुढं अर्धा, पाव, एक अष्टमांश असं उतरत जा. प्रत्येक आवाज आधीच्याच्या निम्मा वाटला पाहिजे. कान चार दिवसांत तयार होतो. नंतर सगळ्यात वेगवान आकड्यावर लावून उजळ खिडकीकडं बघत दाब. चौकटीत उजेड सगळीकडं सारखा दिसला पाहिजे. एक बाजू काळी राहिली तर पडदा मागं पडतोय.

छिद्राची पाती कोरडी हवीत. त्यांच्यावर तेल चकाकलं तर ती फोटोच्या क्षणी वेळेवर मिटणार नाहीत. आग्फा इसोलेटसारखा घडीचा कॅमेरा असेल तर अंधाऱ्या खोलीत बेलोजच्या आत टॉर्च लाव. घडीच्या कोपऱ्यांवर तारे चमकले तर तेवढी भोकं आहेत.

दोन गोष्टी कधी करायच्या नाहीत. झॉर्की, फेड या सोव्हिएत कॅमेऱ्यांत फिल्म पुढं ओढल्याशिवाय वेगाची चकती फिरवायची नाही. आणि कुठल्याही जुन्या कॅमेऱ्याचा सेल्फ-टायमरचा खटका ओढायचा नाही. तो अर्ध्यात अडकला की सगळं शटर अडकतं.

याशिका मॅट-१२४जी मिळाला तर नशीबवान समज. १९७० ते १९८६ पर्यंत बनलेला हा कॅमेरा, १२० फिल्मवर बारा चौकोनी फोटो देणारा, ८० मिलिमीटरची फार गोड लेन्स असलेला. त्याच्या मीटरला १.३५ व्होल्टचा पाऱ्याचा सेल लागायचा, तो आता बनत नाही. त्या जागी १.५ व्होल्टचा साधा सेल घातलास तर मीटर चुकीचं वाचेल. कानाच्या यंत्रात जातो तो ६७५ नंबरचा झिंक-एअर सेल रिंगमध्ये बसवून घाल. त्याचा दाब मूळच्या सेलच्या जवळ असतो. सील काढल्यावर तो थोडेच महिने टिकतो, म्हणून लागेल तेव्हाच काढ.

पावसाळा

आपला खरा शत्रू पाऊस. खानापूर, चोर्ला, आंबोलीकडून येणारा ओलावा जूनपासून बेळगावातल्या भिंतींत शिरतो. निपाणीकडं थोडं बरं, पण आषाढात तिथंही कपडे वाळत नाहीत. हवेतला ओलावा साठ-पासष्ट टक्क्यांच्या वर बरेच दिवस राहिला की लेन्सवर बुरशी रुजते.

कातडी कव्हर देखणं असतं, पण त्यात कॅमेरा ठेवू नकोस. कातडं ओल धरतं आणि बुरशीला खायलाही देतं. कव्हर वेगळं ठेव. कॅमेरे घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात सिलिका जेलसोबत ठेव, आणि आत एक छोटा ओलावामापक टाक. काटा चाळीस ते पन्नासच्या मध्ये राहू दे. त्याच्या फार खाली गेला तर वंगण आणि कातडं सुकतं. नारंगी सिलिका ओल पिऊन हिरवी झाली की वेगळ्या जुन्या तव्यावर मंद आचेवर परत नारंगी कर. स्वयंपाकाचं भांडं त्याला वापरू नकोस. डांबराच्या गोळ्या डब्यात टाकू नकोस, त्यांची वाफ काचेवर बसते. तांदूळही नको, त्याचा पिठूळ भुगा आत जातो.

पावसात भिजून आलास तर कॅमेरा लगेच डब्यात बंद करू नकोस. आधी पुसून पंख्याखाली रात्रभर ठेव. ठेवताना शटर ताणलेलं ठेवायचं नाही. आणि महिन्याला एकदा, अमावास्या धर की पहिला रविवार धर, प्रत्येक कॅमेऱ्याचा प्रत्येक वेग दहा-बारा वेळा चालव, फोकसचं कडं या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरव. अर्ध्या तासाचं काम आहे आणि सगळ्या दुरुस्त्यांपेक्षा स्वस्त आहे.

भंडारा, वखार, गुऱ्हाळ

हे तुला पुस्तकात सापडणार नाही. आप्पाचीवाडीला हालसिद्धनाथाच्या यात्रेत किंवा पट्टणकोडोलीला विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेत भंडारा उधळतात तेव्हा सगळी हवा पिवळी होते. फोटो तिथं अप्रतिम मिळतात, पण हळदीची ती पूड फोकसच्या आट्यांत गेली की कडं करकरायला लागतं. जाण्याआधी लेन्सवर साधा यूव्ही फिल्टर लाव, कॅमेरा पारदर्शक पिशवीत घालून लेन्सपुरतं भोक पाड, पिशवी फिल्टरभोवती रबरानं आवळ. गर्दीत लेन्स बदलायची नाही, रोल बदलायचा तर देवळाच्या मागं नाहीतर गाडीत. घरी आल्यावर ओलं फडकं लावलंस तर हळद चिकटेल आणि डाग पडेल. आधी रबरी फुग्यानं फुंकर, मग मऊ ब्रश, कॅमेरा उलटा धरून. काच सगळ्यात शेवटी.

निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत हेच. चाळणीचं काम चालू असताना उडणारी धूळ बारीक आणि तेलकट असते. आत फोटो काढ, पण दार उघडून फिल्म घालायची ती बाहेर, वाऱ्याकडं पाठ करून. आणि हिवाळ्यात गुऱ्हाळावर गेलास तर काहिलीच्या वाफेपासून चार हात लांब राहा. ती वाफ काचेवर सुकली की चिकट थर बसतो. तो ओल्या लेन्स-क्लीनरनंच निघतो. कोरडं घासलंस तर काचेचा लेप जाईल.

उजेड डोळ्यानं मोज

मीटर बंद पडलं म्हणून घरी बसू नकोस. लख्ख उन्हात छिद्र एफ १६, आणि वेग फिल्मच्या आकड्याएवढा. १०० ची फिल्म असेल तर १/१२५, ४०० ची असेल तर १/५००. पातळ ढग आले आणि सावलीची कड मऊ झाली तर एफ ११. सावली पडतच नाही अशा उजळ ढगाळ दिवशी एफ ८. आभाळ भरून आलं तर एफ ५.६. मोकळ्या सावलीत, म्हणजे सोप्यात किंवा झाडाखाली, एफ ४. एवढं पाठ कर. बेळगावच्या किल्ल्यातल्या कमल बस्तीच्या आत, त्या १३ व्या शतकाच्या सुरुवातीच्या मंडपात, उजेड फार लवकर कमी होतो. तिथं स्टँड हवाच.

निगेटिव्ह फिल्मला थोडा जास्त उजेड चालतो, कमी चालत नाही. शंका आली की छिद्र एक घर जास्त उघड. काळ्या घोंगड्यातला धनगर किंवा गर्द उसाचा फड टिपताना सावलीतला तपशील धरून मोज.

शिवजयंतीच्या रात्री बेळगावात चित्ररथ निघतात. तेव्हा ४०० ची फिल्म, एफ २ ची लेन्स आणि १/३० घेऊन जा. खांबाला टेकून उभा राहा, श्वास सोडून मग दाब.

स्क्रू-ड्रायव्हर कुठं थांबवायचा

शिकायचंय तर खेळून शिक, पण आधी बंद पडलेल्या, दुसऱ्या कामाला न येणाऱ्या कॅमेऱ्यावर. जपानी कॅमेऱ्यांच्या स्क्रूची खाच आपल्या बाजारात मिळणाऱ्या फुलीच्या स्क्रू-ड्रायव्हरपेक्षा वेगळी असते. जेआयएस मापाचे ड्रायव्हर मागवून घे, नाहीतर डोकी झिजतील. प्रत्येक पायरीचा मोबाइलवर फोटो काढ. बर्फाच्या ट्रेमध्ये स्क्रू काढलेल्या क्रमानं ठेव. काम चालू असताना खाली पांढरा टॉवेल अंथर, म्हणजे उडालेली स्प्रिंग सापडते.

घरी करायची कामं सांगतो. दाराचा कुजलेला फोम आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि लाकडी काडीनं खरवडून काढ आणि खाचेत काळी लोकर किंवा काळं मखमल बसव. लगदा शटरच्या पडद्यावर पडू देऊ नकोस. सेलच्या खणात हिरवट-पांढरं बुरसटलं असेल तर व्हिनेगरमध्ये बुडवलेली कापसाची काडी फिरव, मग अल्कोहोलनं पूस. लेन्सच्या बाहेरच्या काचेवर ताजी बुरशी असेल तर तीन टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड आणि घरगुती अमोनिया सम प्रमाणात, उघड्या हवेत, थोडंच मिसळून कापसानं हलकं पूस, मग शुद्ध पाण्यानं. पुसूनही खूण राहिली तर लेप खाल्ला गेलाय. आणखी घासू नकोस. ती लेन्स उन्हाकडं तोंड न करता वापरलीस तर चांगले फोटो देईल.

चिकटलेल्या शटरात शिलाई-मशीनचं तेल टाकायचं नाही, कुणी कितीही सांगू दे. तेल पसरत पसरत पात्यांवर जातं आणि काम दुप्पट होतं. पाती लायटरच्या पेट्रोलनं धुऊन कोरडीच ठेवायची. चाकांना तेल लागलंच तर घड्याळाचं, सुईच्या टोकावर मावेल एवढं. बेळगावात गणपत गल्लीच्या बाजूचा एखादा जुना घड्याळ दुरुस्त करणारा गाठ, त्याच्याजवळ बस. चिमटा धरायचा कसा हे त्याच्या हाताकडं बघून कळतं. फ्लॅशगन मात्र उघडू नकोस. सेल काढल्यावरही तिच्या कपॅसिटरमध्ये शेकडो व्होल्ट राहतात आणि तो झटका जिवावर बेतू शकतो.

आपल्याकडं एक मोठी सोय आहे, ती म्हणजे बेळगावची उद्यमबाग. हायड्रॉलिक्स आणि फाउंड्रीचं गाव आपलं, लेथवर अचूक काम करणारी माणसं इथं आहेत. जुन्या युरोपियन कॅमेऱ्याच्या बुडाला तीन सुती आटे असतात आणि आजच्या स्टँडला दोन सुती. मधलं बुश पितळेत करून माग. लेन्सचं हूड, वाकलेलं फिल्टरचं कडं सरळ करायचा ठोकळा, काचा आवळणारं कडं सोडवायचा पाना, हे सगळं तिथं होतं. नमुना आणि माप घेऊन जा, आणि चहाच्या वेळी जा, म्हणजे मालक नीट ऐकतो.

आपल्या मुलखात हे नवं नाही. निपाणीहून तासाभरावर कोल्हापूर. तिथं नाटकांचे पडदे रंगवणारे आनंदराव आणि बाबूराव पेंटर हे दोघं चलचित्राच्या यंत्रामागं लागले. आनंदराव १९१६ साली गेले. बाबूराव थांबले नाहीत. विष्णुपंत दामल्यांना सोबत घेऊन १९१८ च्या सुमारास त्यांनी कॅमेरा स्वतः बनवला आणि त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा ‘सैरंध्री’ १९२० साली पडद्यावर आला. खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा स्तंभ आहे, एकदा जाऊन बघ. यंत्र विलायती असलं तरी ते समजून घेणारा हात इथला असू शकतो, हे त्यांनी करून दाखवलं.

फिल्म आणि पाणी

फिल्म फ्रिजमध्ये ठेव आणि वापरण्याआधी डबी न उघडता दोन तास बाहेर काढून ठेव, नाहीतर तिच्यावर दव धरेल. स्टुडिओच्या माळ्यावर उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचे ‘इंदू’ रोल सापडतील. आपल्या उन्हाळ्यात ते धुरकटलेले असणार. महत्त्वाच्या कामाला घालू नकोस, बंद डबी असेल तर तशीच जपून ठेव.

कृष्णधवल फिल्म घरीच धू. इलफर्ड एचपी-५ प्लस ४०० वर काढलेली असेल तर डी-७६ डेव्हलपरमध्ये तेवढंच पाणी घालून २० अंशाला ११ मिनिटं. थंडीत आपल्या नळाचं पाणी जवळपास त्याच तापमानाला असतं. एप्रिल-मेमध्ये भांडं बर्फाच्या पाण्यात ठेवून आधी तापमान खाली आण, मगच घड्याळ लाव. बोअरचं पाणी जड असतं, वाळल्यावर निगेटिव्हवर पांढरे ठिपके राहतात. शेवटची खळबळ शुद्ध पाण्यात, वेटिंग एजंटचे दोन थेंब टाकून कर आणि न पुसता लटकव. रंगीत फिल्मला ३८ अंशाच्या आसपास काटेकोर तापमान आणि डेव्हलपरला सव्वातीन मिनिटं लागतात. ते जमेपर्यंत रोल मुंबई-बेंगळुरूला कुरिअर कर.

कॅमेऱ्यासोबत निगेटिव्हही माग

कॅमेरा घ्यायला जाशील तिथं निगेटिव्हच्या पेट्यांबद्दलही विचार. लोक त्या भंगारात घालतात. त्यांत आपल्या भागाची लग्नं, शाळांचे गट, जत्रा, मोर्चे आहेत. शेतकरी नेते शरद जोशींच्या १९८१ च्या तंबाखू आंदोलनाच्या काळातली निपाणीही कुठल्यातरी पेटीत असेल. मालकाची परवानगी घे, रजिस्टर असेल तर पेटीसोबतच ठेव, कारण नावं आणि तारखा त्यातच असतात. व्हिनेगरचा वास येणाऱ्या पट्ट्या लगेच वेगळ्या कर, एकीचा आंबटपणा बाकीच्यांना लागतो. पीव्हीसीच्या पाकिटात काही ठेवू नकोस.

प्रत्येक कॅमेऱ्याचं एक कार्ड कर. कुणाकडून आला, कुठला वेग हळू आहे, काय बदललं, शेवटचा रोल कधी घातला. वर्षाची मोठी तपासणी खंडेनवमीला ठेव. पाऊस नुकताच संपलेला असतो, त्यामुळं काय बिघडलं ते तेव्हाच कळतं. पूजेला मांडण्याआधी प्रत्येक लेन्समधून टॉर्च टाक, प्रत्येक वेग ऐक, कार्डावर लिही. ज्या कार्डावर वर्षभरात एकही रोल नोंदला नसेल, तो कॅमेरा गल्लीतल्या ज्या पोरीला किंवा पोराला शिकायचंय त्याला दे, कार्डासकट, भरलेल्या रोलसकट. आणि पहिले बारा फोटो त्याच्यासोबत चालत जाऊन काढ.